उंदरांनी सोडलेलं खोकं

भिंगरीला हे नाव तिच्या बापाने ठेवलं ते ती चालायला लागली तेव्हा. पोरगी एका जागी ठरेल तर शपथ! पण म्हणून ती पुढे खरोखरच चालत सुटेल, आणि तेही जिथे माणूस ना काणूस अशा जंगलांतून, डोंगरांतून, थेट पलीकडच्या समुद्रापर्यंत, हे त्या बिचाऱ्याच्या स्वप्नातही नव्हतं.

"अख्खा मोसम लागेल," एक दिवस जेवताना तिने जाहीर केलं. "बर्फ पडायच्या आत शेवटची खिंड ओलांडली की जिंकलं."

"आणि वाटेत खाणार काय? दगड?" तिच्या आईने विचारलं.

ही आई म्हणजे आपली थोरली. माहेरी दोघी बहिणी, ही थोरली आणि दुसरी धाकटी. दोघींची लग्नं झाली, केस पिकले, तरी त्या हाका काही सुटल्या नाहीत. थोरली आणि तिचा नवरा लाँड्री चालवायचे. खाली धुलाईची यंत्रं, इस्त्रीची टेबलं आणि चादरी वाळवायची गरम खोली. जिना चढून वर गेलं की घर. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्याचे डगले, कचेरीत जाणाऱ्यांचे शर्ट, अर्ध्या गावाचं कापड या बाईच्या हाताखालून जायचं. कॉलर पाहून माणूस कसला आहे ते ती सांगायची, आणि बहुतेक वेळा बरोबर सांगायची.

भिंगरीने जेवणाच्या टेबलामागच्या भिंतीवर नकाशा लावला आणि आईला समजावून सांगायला बसली. सगळं अन्न पाठीवर घेऊन कोणी निघत नाही, पाठ मोडेल. वाटेवर लांब लांब अंतरावर काही ठिकाणं असतात, कुठे टपाल कार्यालय, कुठे खाणावळ, कुठे वनखात्याची चौकी. तिथे आपल्या नावाचं खोकं आधीच पाठवून ठेवायचं. चालत तिथवर जायचं, खोकं उघडायचं, पाठपिशवी भरायची आणि पुढच्या खोक्यापर्यंत ते पुरवायचं.

"म्हणजे मी चालणार, आणि माझं जेवण माझ्यापुढे चालणार," ती म्हणाली.

"लहानपणी जेवणाच्या मागे मी चालायचे, हातात वाटी घेऊन," थोरली म्हणाली. "तेव्हा एक घास खाल्लास तर नवस फेडल्यासारखं वाटायचं."

काही दिवस थोरली धुसफुसत राहिली. भांडी आपटली, नवऱ्याला नाही नाही ते बोलली, रात्री कूस बदलत राहिली. मग एका सकाळी तिने खुर्ची ओढून नकाशासमोर ठेवली आणि चष्मा लावला. पोरीला अडवता येत नाही ना? ठीक आहे. पण माझी पोरगी उपाशी राहिली असं व्हायचं नाही. एवढं तिने मनाशी पक्कं केलं आणि कामाला लागली.

सगळ्या अन्नात एकच अडचण होती, पाण्याची. ओल्या जिनसाचं वजन खांद्यावर येतं, म्हणून भात, डाळ, बटाटा, भाज्या, सगळं शिजवून वाळवायचं, आणि तिकडे जंगलात गरम पाणी घालून पुन्हा जेवण करायचं. भिंगरी वाळवायचं छोटं यंत्र घ्यायचं म्हणत होती.

"यंत्र कशाला?" थोरली म्हणाली. "आपली गरम खोली काय झोपा काढते?"

काय डोकं चाललं बाईचं! नवऱ्याने तर टाळीच दिली. सुट्टीच्या दिवशी लाँड्री बंद असली की चादरींच्या जागी ट्रे लागायचे. शिजलेला भात, चेचलेला बटाटा, टोमॅटोच्या चकत्या, सफरचंदाच्या फोडी, आणि वरून गरम वारा. संध्याकाळपर्यंत सगळं कसं कुरकुरीत. आणि खोकी? ती तर घरातच पडलेली. धुलाईची पावडर यायची ती जाड, दुहेरी पुठ्ठ्याची खोकी. ट्रक वरून गेला तरी चेपणार नाहीत अशी. थोरलीने ती झटकून, पुसून, उलटी करून ठेवली. मायलेकी टेबलाशी बसून पुड्या भरायच्या, बाप चिकटपट्टी मारायचा. मधेच चव बघायला तिघंही तोंडात टाकायचे. मस्त होतं. तिघांनाही मस्तच लागलं.

सगळ्यात नाजूक मामला होता तो तळ्यापलीकडच्या चौकीचा. तळं म्हणजे नुसतं म्हणायला तळं, पलीकडचा काठ दिसत नाही एवढं. तिथे सामानाची लाँच महिन्यातून एकदा जायची, म्हणून तिथलं खोकं सगळ्यांच्या आधी, मोसमाच्या सुरुवातीलाच पाठवायचं होतं. आणि त्या चौकीनंतरच सगळ्यात लांबचा टप्पा. चांगले दोन आठवडे, खिंडीवरून, ना दुकान ना वस्ती.

"हे एक खोकं चुकलं तर बाकीची पोचून उपयोग नाही, आई," भिंगरी म्हणाली.

"चुकतंय कसं!" असं म्हणून थोरलीने त्यात बदाम-काजू, चॉकलेट, दुधाची पावडर, सगळं पोटाला धरून राहणारं ठासून भरलं. टपाल कार्यालयात ते काउंटरवर ठेवलं तेव्हा तिथल्या बाईने विचारलं, "साबण का?"

"खाण्याचं आहे," थोरली म्हणाली.

"असं होय," म्हणत त्या बाईने शिक्का मारला. खोक्यावर पावडरचं चित्र होतं, म्हणून विचारलं असेल, असं थोरलीला वाटलं.

भिंगरी निघाली. थोरली नकाशावर टाचण्या टोचत राहिली आणि ठरल्या वेळी एकेक खोकं पाठवत राहिली. वाटेतल्या गावांतून पोरीचा फोन यायचा. जेवतेस का? जेवते. पुरतं का? पुरतं. चव कशी आहे? यावर ती जरा थांबायची आणि म्हणायची, "बरी आहे." थोरलीला वाटायचं, दमली असेल.

मग थोरलीची पाठ धरली. ओल्या चादरींची टोपली उचलताना अशी कळ आली की खाली बसली ती उठेना. शेवटचं खोकं, खिंडीपलीकडच्या गावाचं, अजून भरायचं होतं. नवऱ्याने न सांगता धाकटीला फोन केला.

धाकटी आली, पण हातरुमाल घेऊन आली. ती या घरी आली की नेहमी खिडकीशी बसायची, पाण्याचा घोटही कष्टाने घ्यायची आणि डोकं दुखतंय म्हणून लवकर निघायची. नाकाने कांदे सोलते, असं थोरली म्हणायची. धाकटीच्या नवऱ्याला कचेरीत पंखा आहे ना, तेव्हा आमचं घर कसं आवडेल! यावरून दोघींचं एकदा चांगलंच वाजलं होतं, आणि तेव्हापासून बोलणं होतं ते कामापुरतं.

"हे बघ, हा भात, ही डाळ, हे टोमॅटो," थोरली पलंगावरून सांगत होती. "चव बघ तरी. आमची गरम खोली म्हणजे सोनं आहे, सोनं."

आता बहिणीची पाठ मोडलेली, भाची जंगलात. नाही कसं म्हणणार? धाकटीने गरम पाण्यात भिजवलेला एक चमचा तोंडात घातला. डोळे मोठे झाले. ती उठली, बेसिनकडे धावली आणि थुंकली. चूळ भरली, परत भरली.

"ताई," ती तोंड पुसत म्हणाली, "हा साबण आहे."

"झालं सुरू!"

"ताई, मी भांडायला आले नाहीये. तू खरंच हे तिला खायला पाठवलंस?"

"अहो!" थोरली ओरडली. "इकडे या. खाऊन बघा हे."

नवऱ्याने चमच्याने खाल्लं, मग वाटीच घेतली. "छान आहे की. मीठ जरा जास्त पडलंय."

"बघ!" थोरली म्हणाली.

"भाऊजींना काय कळणार?" धाकटी रडकुंडीला आली. "तुम्ही दोघं जन्मभर त्यातच आहात. तुमच्या उशांना येतो, तुमच्या केसांना येतो, चहाला येतो. मी चहा पीत नाही ते काय माज म्हणून? तुम्हाला वासच येत नाही, ताई. दुसऱ्या कोणाला तरी विचार."

दुसऱ्या कोणाला तरी! थोरली हट्टाला पेटली. पाठीला हात लावून, जिन्याच्या कठड्याला धरून ती एकेक पायरी खाली उतरली आणि वाटी घेऊन काउंटरवर उभी राहिली. पहिली आली दवाखान्यातली नर्स. तिने चव घेतली आणि अदबीने विचारलं, "मावशी, हे दाताला लावायचं असतं का?" मग आला बँकेतला माणूस, शर्ट न्यायला. त्याने घास तोंडात ठेवला, गिळावा की थुंकावा अशा पेचात गाल फुगवून उभा राहिला आणि शेवटी खिशातून रुमाल काढला.

थोरलीने वाटी काउंटरवर ठेवली. तिच्या तोंडचं पाणी पळालं.

तिने स्वतः एक घास खाल्ला. भात होता. डाळ होती. मीठ, खरंच, जरा जास्त होतं. जीभ फिरवून फिरवून शोधलं, पण ज्याने चारचौघं तोंड फिरवत होते ते तिला कुठेच सापडेना. आपल्याच तोंडावरचा तिचा विश्वास उडाला. आणि मग एकदम तळ्यापलीकडचं खोकं आठवलं. ते तर किती आठवडे बंद, पत्र्याच्या शेडमध्ये, उन्हात. इथे दोन दिवसांच्या पुडीची ही तऱ्हा, तर तिथे काय झालं असेल?

"एका अर्थी बरंच झालं," नवरा हळूच म्हणाला. "खायला नसेल तर येईल परत."

थोरलीने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने जीभ चावली. पण खरं सांगायचं तर हेच तिच्याही मनात येऊन गेलं होतं, त्याच्या आधी. त्याचीच तिला लाज वाटली.

चौकीत फोन होता, पण तो दुपारीच लागायचा. दुसऱ्या दिवशी थोरलीने पाठीला पट्टा आवळला, इस्त्री बाजूला ठेवली आणि फोन लागेपर्यंत फिरवत राहिली. चौकीवाला माणूस बोलका होता. महिनोन्‌ महिने चार वाटसरूंपलीकडे माणूस दिसत नाही म्हटल्यावर कोण नसणार?

"तुमचं खोकं ना? आहे की!" तो म्हणाला. "अहो, यंदा उंदरांनी नुसता हैदोस घातलाय. सगळ्यांची खोकी फोडली. जाणारे लोक उरलंसुरलं एका टोपलीत ठेवून जातात, मागच्यांना उपयोगी पडावं म्हणून. ती टोपलीही साफ. पण तुमच्या खोक्याला एका उंदराने तोंड लावलं नाही बघा. कोपरासुद्धा कुरतडला नाही. काय लावता काय त्याला?"

म्हणजे त्या चौकीत, मैलोन्‌ मैल, खाण्याचं म्हणून जे काही शिल्लक होतं ते तेवढंच एक खोकं. आणि ते उंदरांनीही नाकारलेलं.

"तुम्ही ते उघडा," ती म्हणाली. "वाऱ्यावर टांगून ठेवा."

"नाही बाई, दुसऱ्याचं खोकं आम्ही उघडत नाही. तो इथला नियमच आहे. ज्याचं त्याने उघडायचं."

"मी आई आहे तिची."

"आई असाल हो. पण नाव तिचं आहे ना त्यावर."

लाँच परवा सुटणार होती. ती चुकली तर पुढची महिन्याने, आणि तोवर खिंडीत बर्फ. थोरलीने फोन ठेवला, पायात चपला सरकवल्या, आणि कित्येक वर्षांत ज्या घराची पायरी चढली नव्हती त्या धाकटीच्या घरी गेली. दारातच म्हणाली, "तू खरं बोलत होतीस. आता माझ्या पोरीचं जेवण तू भर. मी हात लावणार नाही."

धाकटीने एका शब्दानेही मागचं काढलं नाही. वाळवायला वेळ नव्हता, म्हणून दुकानातून तयार वाळलेला भात, पाकिटातल्या डाळी, बिस्किटं, सुका मेवा, जे मिळेल ते आणलं. खोकं बुटांच्या दुकानातून आणलं, कोरं. थोरली स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर अंगणात उभी राहिली. आत येऊ नकोस असं धाकटी म्हणाली नाही. तीच गेली नाही. कपडे तेच, केस तेच, हातही तेच. कशाकशाला वास येत असेल हे तिला कुठे कळत होतं?

"बदाम खाली घाल, वर नको," ती बाहेरून सांगत होती. "चॉकलेट तिला काळं आवडतं. चार पाकिटं जास्त घाल. पुड्यांची तोंडं दोनदा दुमड."

"घालते, ताई. दुमडते, ताई."

तेवढ्यात नवरा लाँड्रीची गाडी घेऊन आला, धक्क्यापर्यंत पोचवायला. धाकटीने कपाळावर हात मारला. "त्या गाडीत? भाऊजी, तुम्हाला देवाने नाक दिलंय ते चष्मा ठेवायला का हो?" शेवटी ती स्वतःच खोकं मांडीवर घेऊन बसने गेली, आणि लाँचवाल्याच्या हातात देऊन आली.

लाँच काही सुटली नाही. तळ्यावर वारा उठला. आज नाही, उद्या बघू. उद्या नाही, परवा बघू. थोरलीचा जीव टांगणीला लागला. इस्त्री करताना तिने दवाखान्याच्या दोन डगल्यांवर जळके डाग पाडले. आणि लाँच अजून धक्क्यालाच बांधलेली असताना, एका दुपारी चौकीतून फोन आला.

"आई." भिंगरीचा आवाज खोल गेलेला होता. "मी पोचले. खोकं उघडलं."

"खाल्लंस?"

"शिजवलं. चार घास गेले. मग सगळं बाहेर आलं."

थोरलीने काउंटरची कड घट्ट धरली. "अगं, मग फोनवर बरी आहे, बरी आहे काय सांगत होतीस?"

"पहिल्या खोक्यात काही कळलंच नाही मला. मग हळूहळू वास यायला लागला. मला वाटलं, माझंच काहीतरी बिघडलंय. इकडे मोकळ्या हवेत एवढे दिवस राहिले ना, आई, पालापाचोळ्याचा वास येतो, पावसाच्या आधीचा येतो, लांबून माणूस येत असेल तर त्याचा येतो. आणि मग खोकं उघडलं की हा." मग म्हणाली, "आई, शाळेतली पोरं मला साबणवडी म्हणायची, आठवतं?"

न आठवून कसं चालेल? पोरगी रडत घरी यायची. बाकावर शेजारी कोणी बसत नाही म्हणून सांगायची. थोरली तिचं डोकं जवळ घ्यायची, केसांत नाक खुपसून हुंगायची आणि म्हणायची, कसला मेला वास? काही नाही. खोटारडी आहेत सगळी. एकदा तर शाळेत जाऊन बाईंशी भांडूनही आली होती.

"उद्या निघते मी," भिंगरी म्हणाली. "ढग खाली आलेत. चौकीवाले काका म्हणतात, एक-दोन दिवसांत खिंड बंद होईल. दुधाची पावडर डब्यात होती, ती चांगली आहे. बाकीचं नाक दाबून खाईन."

"नाही. तू थांब. मावशीने नवीन खोकं भरलंय, लाँच आली की मिळेल तुला."

"आणि लाँच आली नाही तर?"

"तरी थांब. ते पोटात राहत नाहीये, भिंगरे. मधे कुठे कोसळलीस तर कोण आहे तिथे?"

"तुला आधीपासून हेच हवं होतं ना? मी मधेच सोडावं?"

नवरा इस्त्री हातात धरून तिच्याकडे बघत होता.

"हो," ती म्हणाली. "हवं होतं. पण असं नको होतं गं मला. माझ्या हातून नको होतं."

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ऐक," थोरली म्हणाली. "मला वास येत नाही. तुझं डोकं हुंगायचे तेव्हाही येत नव्हता, म्हणून नाही म्हणायचे. पण वास होता. मावशी खरं बोलत होती आणि ती पोरंही खरं बोलत होती. खोटी मी पडले. आता एकदाच खरं सांगते, ते खाऊन तू खिंड पार करणार नाहीस. थांब."

मग भिंगरी म्हणाली, "बरं," आणि फोन ठेवला.

ती थांबली. लाँच दोन दिवसांनी पोचली, नवीन खोकं सुखरूप मिळालं, आणि त्याच्या आदल्या रात्री खिंडीत बर्फ पडलं होतं. चौकीवाल्याने वाट बंद केली. एवढा मोसम चालून पोरगी शेवटच्या टप्प्याच्या दारातून, धाकटीचं खोकं न उघडता, त्याच लाँचमधून परत फिरली.

दुपारची वेळ होती. थोरली इस्त्रीशी उभी होती आणि दारात कोणीतरी येऊन थांबलं. गालांची हाडं वर आलेली, उन्हाने रापलेली, पाठीवर मळकी पिशवी. ओळखायला थोरलीला एक श्वास लागला. ती इस्त्री तशीच टाकून धावली. नवऱ्याने झेप घेऊन शर्ट वाचवला.

भिंगरी मात्र उंबऱ्यातच थांबली. तिने श्वास आत घेतला आणि तिचा हात आपोआप नाकाकडे गेला. मग आई बघतेय हे लक्षात आल्यावर तिने तो खाली घेतला.

"येतो?" थोरलीने विचारलं.

"येतो."

"कसा असतो गं?"

जन्म गेला त्या वासात, पण तो कसा असतो हे विचारायची पाळी आज पहिल्यांदा आली होती. भिंगरीने जरा विचार केला.

"तिकडे खोकं उघडलं तेव्हा आधी तुझी आठवण आली," ती म्हणाली. "मग मळमळलं. मग परत तुझी आठवण आली."

थोरलीला हसू फुटलं आणि त्याच हसण्यात रडू आलं. पोरगी आत आली, आईच्या खांद्यावर डोकं ठेवून बराच वेळ उभी राहिली, तोंडाने श्वास घेत. ते थोरलीला कळत होतं.

"मी मावशीकडे राहते, आई," मग ती म्हणाली. "इथे राहिले तर चार दिवसांत मलाही परत वास येईनासा होईल. पुढच्या मोसमात मला पुन्हा जायचंय. या वेळी खोकी भरताना मला कळायला हवं."

बरोबरच होतं. थोरलीलाही ते पटलं. तिने मान डोलावली, आणि तिचे हात आपलं नेहमीचं काम करायला लागले. तिने पोरीच्या पाठीवरून पिशवी उतरवली, चेन ओढली, धुवायचे कपडे बाहेर काढले. असं ती या दारातून आत येणाऱ्या प्रत्येक पिशवीचं करत आली होती.

वरचाच सदरा होता. बाहीवर राखेचे डाग, पाठीवर घामाच्या पांढऱ्या रेघा. थोरलीने तो यंत्राकडे न्यायला उचलला आणि वाटेतच थांबली. तिने तो नाकाशी धरला. धूर होता. घाम होता. ओल्या मातीचा, कुठल्यातरी चिकट झाडाचा, आणि त्या सगळ्याखाली तिच्या पोरीचा. तान्ही असताना हुंगला असेल तेवढाच. तिने पुन्हा श्वास घेतला, आणि पुन्हा आला.

"धुवायचा नाही ना?" तिने विचारलं.

"नको, आई."

थोरलीने सदरा घडी घालून परत पिशवीत ठेवला, चेन लावली आणि लाँड्रीच्या इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कोणाचे तरी कपडे न धुता परत दिले.